बदली झाली, वारसाहक्काचे काय?

(महासंघाच्या एका शाखेच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात महागाई भत्ता, खाजगीकरण, रिक्त जागा हे विषय सोडून मृत्युपत्राचा विषय कुठून काढला, म्हणून सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी आमची थट्टा केली. एक साथी म्हणाले, "अहो, रिटायर व्हायला अजून नऊ वर्षे आहेत, आताच कशाला मारता?" विषय का काढला ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या युनियन ऑफिसात एक बाई आल्या. त्यांचे यजमान गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडातून गार्डच निघते. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी सव्वीस वर्षे इटारसीला. निवृत्तीनंतर वर्षभरात गेले. बाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. तीत गावचा सातबारा, लालबागच्या चाळीतील खोलीच्या भाडेपावत्या, पोस्टाची बचतपत्रे आणि इटारसीत बांधलेल्या दोन खोल्यांच्या घराचे खरेदीखत होते. शिवाय वहीचा एक कागद होता. त्यावर यजमानांच्या हातचे, "माझ्या पश्चात माझे सर्व काही माझ्या पत्नीस मिळावे." खाली सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

बाईंनी विचारले, "भाऊ, हे घेऊन मी कुठल्या कचेरीत जाऊ?"

आम्ही तीस वर्षे युनियनचे काम करतो. चार्जशीटला उत्तर कसे द्यायचे ते झोपेतही सांगू. पण ह्या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी एक उत्तर नव्हते, कारण एक उत्तर नाहीच. त्यानंतर अकरा महिने आम्ही दोन राज्यांतल्या चार कचेऱ्या पालथ्या घातल्या, दोन वकिलांचे पाय धरले. त्यात जे कळले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मुळात हा घोळ का होतो? आपला पगार केंद्राचा, बदल्या केंद्राच्या, म्हणून आपल्याला वाटते की सगळेच कायदे देशभर सारखे. संविधानात वारसा आणि मृत्युपत्र हे विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे केंद्रही कायदा करू शकते आणि राज्यही. जमीन मात्र राज्याची. कोर्ट फी राज्याची, आणि बहुतेक दस्तांचे मुद्रांक शुल्कही राज्य ठरवते. तेव्हा माणूस एक, कुटुंब एक, पण मिळकत तीन राज्यांत असली की तीन तऱ्हा होतात. मराठी मुलखातून निघून खांडवा, वडोदरा, हुबळी, सिकंदराबाद, झाशी इथे आयुष्य काढलेल्या माणसाचे नेमके असेच असते. गावाकडची जमीन सुटत नाही आणि नोकरीच्या गावी घर होते.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख ह्यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. त्यात पुरुषाच्या मागे पहिल्या वर्गाचे वारस कोण? पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. वडील ह्या वर्गात नाहीत, आई आहे. हे सांगितले की सभेत नेहमी कुजबुज होते, तशी आताही झाली. आमच्या ह्या गार्डबंधूंची आई हयात आहे, गावी असते. कागद नसता तर इटारसीच्या घरातही त्या माउलीचा सुनेइतकाच आणि नातवाइतकाच हिस्सा लागला असता. तो कोणी नाकारावा असे आमचे म्हणणे नाही. पण हे आधी माहीत हवे, नाहीतर सासू-सुनेत भलतेच काही होते. ज्या बांधवांची जमात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे त्यांना हा कायदा आपोआप लागत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता वडिलोपार्जित जमिनीचे. १९५६ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला नव्हता. तो राज्यांनी एकेक करून दिला, आणि प्रत्येकाची तारीख निराळी. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबाची पद्धतच मोडून टाकली. आंध्रने १९८६ मध्ये, तामिळनाडूने १९८९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे १९८८ मध्ये लग्न होऊन कराडला गेलेल्या बहिणीला हक्क नाही, आणि १९९५ मध्ये लग्न झालेल्या तिच्या धाकट्या बहिणीला आहे, असा प्रकार. गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात तर तेही नव्हते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने सगळ्या देशात मुलींना हा हक्क दिला आणि लग्नाची अट काढली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले रीतसर वाटप मात्र उकरून काढता येत नाही.

हे आम्ही का सांगतो? कारण आपल्यापैकी पुष्कळांनी बहिणींना "तुझा काही संबंध नाही" असे सांगून टाकले आहे. संबंध आहे. ह्या गार्डबंधूंच्याही दोन बहिणी आहेत. त्यांनी मृत्युपत्रात "सर्व काही" लिहिले, पण गावच्या जमिनीत त्यांचे स्वतःचे होते तेवढेच ते देऊ शकत होते. बहिणींचे नव्हे.

शेतजमिनीचा विषय निघालाच आहे तर उत्तर प्रदेश. झाशीला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत, काहींची तिथे जमीन आहे. तिथली शेतजमीन हिंदू वारसा कायद्याने जात नाही, राज्याच्या जमीन कायद्याने जाते. १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने विधवा आणि मुलगे पुढे ठेवले आणि विवाहित मुलीला पार मागच्या रांगेत बसवले. २०१६ पासून लागू झालेल्या महसूल संहितेनेही ती रांग फारशी हलवली नाही. ही तरतूद बदलावी अशी मागणी चालू आहे. तेव्हा कागद करण्यापूर्वी संहितेचा त्या दिवशीचा मजकूर पाहून घ्यावा. त्याच राज्यात २००४ पासून अशा जमिनीचे मृत्युपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नसे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती सक्ती रद्द ठरवली. एरवी देशात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि त्याला मुद्रांक लागत नाही. तरीही नोंदणी करावी असे आमचे मत आहे. खर्च थोडा आणि पुढचे भांडण कमी.

गुजरातेत निराळाच फास आहे. जुन्या मुंबई इलाख्याचा १९४८ चा कूळकायदा तिथेही चालतो, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. लोक म्हणत, विकत घेता येत नाही तर मृत्युपत्राने देऊ. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले की अशा जमिनीचे मृत्युपत्र करून ती शेतकरी नसलेल्याच्या गळ्यात घालता येणार नाही. महाराष्ट्राचा कूळकायदाही त्याच मुळाचा आहे. तेव्हा जमीन मुलाबाळांऐवजी पुतण्याच्या शहरी मित्राला किंवा एखाद्या संस्थेला देण्याचा विचार असेल तर आधी विचारून घ्या.

आता गोवा. मडगावला आणि वास्कोला आपली मंडळी आहेत, आणि मुंबईत गोव्याची मंडळी आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा १८७० मध्ये गोव्यात लागू झाला, आणि १९६१ नंतरही राहिला. वारशाचा भाग आता राज्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे, तो २०१६ मध्ये अंमलात आला. पण गाभा तोच. त्यात दोन गोष्टी आपल्याला नवख्या वाटतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक होते. म्हणून नवरा गेला की बायको आधी आपला अर्धा भाग बाजूला काढते. तो तिला वारसाने मिळत नाही, तो तिचा असतोच. उरलेला अर्धा नवऱ्याचा, आणि त्याचेच वारस लागतात. दुसरी गोष्ट अशी की मुले असतील तर माणूस आपल्या भागाचा फक्त निम्मा मृत्युपत्राने वाटेल तसा देऊ शकतो. उरलेला निम्मा मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेला. मुलगा ऐकत नाही म्हणून त्याला बेदखल करतो, ही आपल्याकडची धमकी तिथे चालत नाही. आम्हाला तर हा कायदा पुष्कळ अंशी आपल्यापेक्षा शहाणा वाटतो. मुंबईच्या चाळीत किती विधवा थोरल्या मुलाच्या तोंडाकडे बघत बसतात ते आपण जाणतो.

आणि हा कायदा मांडवीच्या पुलावर थांबत नाही. एका गोवेकर गृहस्थाने १९५१ मध्ये मुंबईत मिळकत घेतली आणि ती मृत्युपत्राने तीन मुलींपैकी एकीला दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी निकाल लागला की अधिवास गोव्याचा असेल तर मुंबईच्या मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो. माणूस १९६७ मध्ये वारला होता, निकाल बावन्न वर्षांनी.

त्याहून ताजी गोष्ट उत्तराखंडची. तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. त्यात पत्नी आणि मुलांबरोबर आई आणि वडील दोघेही पहिल्या वर्गात आले. त्या राज्याचा "रहिवासी" कोण, ह्याची व्याख्या फार रुंद आहे. राज्यात नेमणूक असलेला केंद्र सरकारचा कायम कर्मचारीही तीत धरला आहे. म्हणजे डेहराडून, हरिद्वार, काठगोदामला बदलीवर गेलेल्या रेल्वे किंवा टपाल कर्मचाऱ्याला हा प्रश्न अंगाशी येऊ शकतो. समान कायदा असावा की नसावा हा वाद आम्ही इथे काढत नाही, त्यासाठी दुसरे व्यासपीठ आहे. आमचे म्हणणे एवढेच की बदलीच्या आदेशाबरोबर वारसाचा नियमही बदलतो हे कर्मचाऱ्याला सांगायला कुणी येत नाही. मृत्युपत्र केलेले असले तर ह्यातला बराच गुंता टळतो.

मुसलमान बांधवांपुरते थोडक्यात सांगतो. वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा अधिक मृत्युपत्राने देता येत नाही. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, पण मद्रास प्रांताने १९४९ मध्ये तीही आत घेतली. इथेही राज्याराज्यात फरक आहेच.

आता मुंबईचे प्रोबेट. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलम २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी ह्यांना मुंबई, मद्रास आणि कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या स्थावराबद्दलच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते. दादरला ब्लॉक असेल तर प्रोबेट, कल्याणला असेल तर नको. एकाच लोकलच्या दोन स्टेशनांत कायदा बदलायचा! गरीब विधवांचे दागिने ह्या प्रोबेटच्या फीपायी आणि वकिलांपायी गेलेले आम्ही पाहिले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम काढून टाकले. प्रोबेट आता ऐच्छिक आहे. वाद असेल तर ते घेणे शहाणपणाचे, पण नसेल तर कोणी सक्तीचे म्हणून मागितल्यास नम्रपणे हा बदल दाखवावा. आपल्याकडचे कारकून जुना छापील फॉर्म काढतात आणि त्यातलेच बोलतात. कारकून म्हणजे आपलेच भाऊ, म्हणून हे हक्काने बोलतो.

वारस दाखल्याचेही तसेच. चेन्नईला किंवा विजयवाड्याला आपल्या सहकाऱ्याच्या घरी दुःख झाले तर तिथे तहसीलदाराकडून कायदेशीर वारसांचा दाखला मिळतो. तोच साथी निवृत्त होऊन सोलापूरला आला असेल तर वारसदाखल्यासाठी दिवाणी कोर्टात जावे लागते, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. होय, अठराशे सत्तावीस, आगगाडी येण्याच्या सव्वीस वर्षे आधीचे! बँकेतील ठेवी आणि रोखे ह्यांसाठी मागतात ते वारसा प्रमाणपत्र निराळे, १९२५ च्या कायद्याखालचे. ह्या दोहोंची गल्लत फार होते. गावच्या जमिनीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्यावा, तिथे कोर्टात धावू नये.

पिशवीकडे परत येतो. लालबागची खोली भाड्याची, गार्डबंधूंच्या वडिलांपासूनची, पावती त्यांच्या नावे. धाकटा भाऊ तिथे राहतो. बाईंना वाटले, मृत्युपत्रात सगळे आपल्या नावे आहे, खोलीही आली. आली नाही. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात ठरवले आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क जातो. तसे कोणी नसेल तरच वारसाला. बाई सव्वीस वर्षे इटारसीला, खोलीत भाऊ. आज गिरणगावात पुनर्विकास होऊन अशा खोलीच्या जागी ब्लॉक मिळतो, तेव्हा गेले ते काही थोडे गेले नाही. ज्यांच्या मुंबईत पागडीच्या खोल्या आहेत त्यांनी कान टवकारून ऐकावे.

पोस्टाच्या बचतपत्रांवर नामनिर्देशन होते ते धाकट्या भावाचे, लग्नाआधी केलेले. लग्न झाले, दोन मुले झाली, फॉर्म तोच राहिला. टपाल खात्यातील मंडळी हसतील, त्यांनी असे हजार फॉर्म पाहिले आहेत. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बचतपत्रांबद्दलच सांगितले आहे की नामनिर्देशित व्यक्ती पैसे घेते, पण ते वारसांसाठी. मालक ती होत नाही. पोस्टाने भावाला पैसे दिले तर पोस्टाची चूक नाही, आणि भावाने ते वहिनीला दिले नाहीत तर वहिनीने दावा करायचा. ह्या भावाने दिले. खोलीवरून तोंड वाकडे झालेले असताना दिले, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल मात्र निर्धास्त राहा. १९९१ मध्ये व्हायोलेट इझॅक ह्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या विधवेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे होता. दिराने भावाचे मृत्युपत्र पुढे केले होते. न्यायालय म्हणाले की कुटुंब निवृत्तिवेतन मृताच्या मालमत्तेचा भागच नाही, ते नियमांनी ठरलेल्या कुटुंबीयालाच मिळते, मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. हे इटारसीला, मडगावला, हरिद्वारला, सगळीकडे सारखे. आपल्या नोकरीतली ही एक गोष्ट तरी राज्याच्या सीमेवर अडखळत नाही.

भगिनींसाठी एक स्वतंत्र बोलायचे आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या कमाईचे काय? हिंदू वारसा कायद्याचे कलम १५ सांगते की मुले आणि नवरा नसतील तर ती मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, आईवडिलांना नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण आले. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. भविष्यनिर्वाह निधी आणि बँकेतील पैसा कुणाला? ज्यांनी हाकलले त्या सासरच्यांना. न्यायालयाने कायद्याच्या अक्षराबाहेर जाता येत नाही म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. टपाल कचेरीत काउंटरवर बसणाऱ्या किती भगिनींनी केले आहे? हात वर करा. दोन. ठीक आहे.

साक्षीदारांबद्दल सांगून आटोपतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि कोर्टात गेल्यास हयात असलेला निदान एक तरी उभा करावा लागतो. आमच्या गार्डबंधूंनी साक्षीदार घेतले ते दोघेही त्यांच्याहून वयाने मोठे. एक आधीच वारले होते. दुसरे सिकंदराबादला मुलाकडे, गुडघे गेलेले. इटारसीच्या कचेरीत नामांतरणाला हरकत निघाली तेव्हा त्यांना स्लीपरच्या खालच्या बर्थवर घालून आणावे लागले. साक्षीदार तरुण घ्या, बदलीत हरवणार नाही असा घ्या, आणि ज्याला मिळकत द्यायची त्याचीच सही साक्षीला घेऊ नका.

घर अकराव्या महिन्यात बाईंच्या नावे झाले. गावच्या सातबाऱ्यावर त्यांच्याबरोबर दोन्ही नणंदांची नावे लागली, सासूने तलाठ्यापुढे स्वतः अंगठा दिला. खोली गेली.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता युनियन ऑफिसात आम्ही आणि एक वकील मित्र बसणार आहोत. येताना सातबारा, खरेदीखत किंवा भाडेपावती, बचतपत्रांचे क्रमांक आणि सेवापुस्तकातील नामनिर्देशनाची प्रत आणावी. विवाहितांनी जोडीने यावे. ज्यांचे नामनिर्देशन अजून लग्नाआधीचे आहे त्यांनी तो कोरा फॉर्म आजच जाताना दारापाशी कार्यवाहांकडून घेऊन जावा.